बालवर्गाची रोजकीर्द

जून महिन्याच्या मध्यावर शाळा उघडते, त्या दिवशी सकाळी साडेआठ वाजता बाजारपेठ अजून जागी व्हायची असते. दुकाने बंद असतात, हमाल चहाच्या टपरीशी उभे असतात, आणि त्या शांततेत पेठेच्या टोकाला असलेल्या बालवर्गातून मात्र रडण्याचा कल्लोळ ऐकू येतो. पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी भरणाऱ्या या वर्गाच्या लहान गटात बत्तीस मुले आहेत. वय साडेतीन ते चार. पहिल्या दिवशी त्यांतील पंचवीस तरी रडत असतात. उरलेली सात इतरांचे रडणे पाहून स्तब्ध झालेली असतात. त्यांची पाळी दुसऱ्या दिवशी येते.

या वर्गाच्या बाईंनी असे पंधरा जून पाहिले आहेत. पहिल्या दिवशी त्या मुलांना गप्प करण्याच्या खटपटीत पडत नाहीत. त्यांचे लक्ष दारात उभ्या असलेल्या आयांकडे असते. मूल खेळण्यात रमले आहे असे पाहून आई हळूच मागच्या मागे निघून जाऊ लागली, की बाई तिला थांबवतात. "सांगून जा. रडेल, पण सांगूनच जा. साडेअकराला येते म्हणा आणि साडेअकराला या." आईला हे कठीण वाटते. गुपचूप जाणे त्या घटकेला सोपे असते. पण मान वर केल्यावर आई दिसली नाही, तर मुलाचा केवळ आईवरचा नव्हे, त्या खोलीवरचाही विश्वास उडतो. मग ते आठवडाभर खेळण्याला हात लावत नाही. दाराकडे पाहत बसते. पेढीवर बसणाऱ्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. दिलेल्या वेळी दिलेला शब्द पाळला, की पत तयार होते आणि एकदा चुकवला, की ती पुन्हा उभी करायला दसपट वेळ लागतो. साडेतीन वर्षांच्या मुलाच्या आयुष्यातील उधारीचा तो पहिला व्यवहार असतो. आईने स्वतःला उधार ठेवलेले असते.

तारण म्हणून बाई प्रत्येक आईकडून एक रुमाल मागून घेतात. नाव शिवलेला, आईच्याच वापरातला. रडे अनावर झाले, की तो रुमाल मुलाच्या हाती दिला जातो. तिसऱ्या आठवड्याअखेर रडणाऱ्यांची संख्या चार-पाचावर येते आणि रुमाल एकेक करून कपाटाच्या खालच्या कप्प्यात जमा होऊ लागतात.

बाईंचा दिवस मुलांच्या आधी तासभर सुरू होतो. मदतनीस मावशी खोली झाडून सतरंज्या घालतात, पाण्याचे पिंप भरतात. बाई आदल्या रात्री तयार केलेले साहित्य मांडतात. हे साहित्य विकत घेतलेले फार थोडे. पेठेतील दुकानांतून आलेली पुठ्ठ्याची खोकी, कापडाच्या दुकानातील नमुन्यांचे तुकडे, रिकाम्या काडेपेट्या, बाटल्यांची झाकणे, चिंचोके, निरनिराळी कडधान्ये. एका कोपऱ्यात वाळूची परात, दुसऱ्यात पाण्याची बादली आणि दोन पेले. साडेआठ ते नऊ मुले हवे ते खेळतात. नऊ वाजता सगळी गोल करून बसतात. प्रत्येकाचे नाव घेतले जाते, आणि आज कोण आले नाही हे मुलांनीच सांगायचे असते. मग गाणे, मग गटागटाने काम, मग गोष्ट, साडेदहाला डबा, थोडे अंगणात धावणे, आणि साडेअकराला घर. कागदावर हे तीन तासांचे वेळापत्रक सरळ दिसते. प्रत्यक्षात त्या तीन तासांत बाईंना नऊदा नाक पुसावे लागते, सहा जणांना शौचालयात न्यावे लागते, दोन भांडणे सोडवावी लागतात, एकाचा चावा दुसऱ्याच्या दंडावर उमटू नये म्हणून धाव घ्यावी लागते. आणि हे सर्व चालू असता चालू गोष्टीतील वाघाला भलत्याच रानात जाऊ द्यायचे नसते.

डबा ही स्वतंत्र विद्याशाखाच म्हणावी. भिंतीच्या आतल्या बाजूला बाईंनी एक तक्ता लावला आहे. कोणाला शेंगदाणा चालत नाही, कोणाच्या घरी कांदा, लसूण, बटाटा वर्ज्य आहे, चातुर्मासात कोण पालेभाजी खात नाही, कोणाकडे वाढदिवसाचा केक अंड्याविना असावा लागतो, हे सर्व त्यावर आहे. चार वर्षांच्या मुलाला घरचा नियम पाळायचा असतो आणि शेजाऱ्याच्या डब्यातील बटाट्याची काचरीही हवी असते. बाई त्याला रागावत नाहीत आणि काचरीही देत नाहीत. "तुझ्या डब्यात काय गंमत आहे ते सगळ्यांना दाखव बघू," एवढे म्हणतात. बहुधा खाकरा किंवा पुरी निघते, आणि ती मागायला दुसरेच कोणी हात पुढे करते.

गटागटाने काम म्हणजे काय, हे घरच्या मंडळींना सहसा दिसत नाही. एक गट मणी ओवतो. दुसरा मूग, मटकी आणि हरभरा वेगवेगळ्या वाट्यांत निवडतो. तिसरा कागद फाडून त्याचे तुकडे चिकटवतो. चौथा एका पेल्यातून दुसऱ्या पेल्यात पाणी ओततो, सांडतो, पुसतो. बाहेरून पाहणाऱ्यास हा वेळ घालवण्याचा उद्योग वाटेल. परंतु मणी ओवताना अंगठा आणि तर्जनी यांची जी चिमूट बनते, तीच पुढे पेन्सिल धरते. माणसाच्या मनगटात आठ लहान हाडे असतात. जन्माच्या वेळी ती कूर्चेच्या स्वरूपात असतात आणि नंतरच्या अनेक वर्षांत एकेक करून त्यांचे हाड बनत जाते. चार वर्षांच्या मुलाच्या मनगटाचे बांधकाम चालू असते. त्यावर पानेच्या पाने लिहिण्याचा भार घातला, तर मूल पेन्सिल मुठीत आवळून धरते, खांद्यातून जोर लावते आणि लवकरच लिहिण्याचा कंटाळा करू लागते. कडधान्य निवडणे हे वर्गीकरण आहे. पाणी ओतणे हा मापाचा पहिला धडा आहे. गणिताची खतावणी येथून सुरू होते.

या पद्धतीला मोठा इतिहास आहे. जर्मनीत फ्रीड्रिख फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये लहान मुलांसाठी एक संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला किंडरगार्टन, म्हणजे मुलांची बाग, असे नाव दिले. रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत मारिया माँटेसरी यांचे पहिले बालगृह ६ जानेवारी १९०७ रोजी उघडले. आपल्याकडे गुजरातेत गिजुभाई बधेका यांनी वकिली सोडून शिक्षणाकडे मोर्चा वळवला आणि १९२० मध्ये भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले. गुजरातने त्यांना प्रेमाने 'मूछाळी मा', म्हणजे मिशा असलेली आई, म्हटले. राजकोटमधील अध्यापिका विद्यालयाचे प्राचार्यपद सोडून ताराबाई मोडक त्यांच्या कामात सहभागी झाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. पुढे ताराबाईंनी हे काम तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावर बोर्डी येथे १९४५ मध्ये आणि नंतर १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर नेले. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. मुले शाळेत येत नाहीत असे दिसले, तेव्हा शाळाच वस्तीच्या अंगणात गेली, आणि 'अंगणवाडी' हा शब्द मराठीला मिळाला. रानात गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही भरली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि अंगणवाडी हे नाव देशभर पोहोचले. विकत घेतलेल्या महागड्या साहित्याऐवजी चिंचोके, शंख-शिंपले, पाने आणि बिया वापरण्याची जी रीत या वर्गात दिसते, तिचे मूळ कोसबाडच्या टेकडीवर आहे.

तरीही कायद्याच्या पुस्तकात हा वर्ग बराच काळ उंबरठ्याबाहेरच राहिला. २००९ चा शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा या वयोगटाला हक्क देतो. तीन ते सहा या वयासाठी सरकार सोय करू शकते, एवढेच त्यात म्हटले आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये मात्र तीन ते आठ ही पाच वर्षे पायाभूत टप्पा मानली गेली. मेंदूच्या एकूण वाढीपैकी पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक वाढ सहाव्या वर्षाआधी होते, असे त्या धोरणातच नमूद आहे. धोरण आले, परंतु खाजगी बालवर्गांतील बहुसंख्य बाईंचे वेतन अजूनही जमा होणाऱ्या फीवरच अवलंबून असते. अनेक ठिकाणी मे महिन्याचा पगार मिळत नाही. पेठेतल्या दुकानात काउंटरवर उभ्या राहणाऱ्या अनुभवी नोकराची महिन्याची मिळकत पुष्कळदा बाईंपेक्षा अधिक असते. मूल काढून घेण्याची धमकी म्हणूनच या बाईंच्या कानी साध्या तक्रारीसारखी पडत नाही; ती सरळ त्यांच्या घरखर्चावर येऊन पडते.

यंदा ती धमकी सप्टेंबरमध्ये आली. पेठेत धान्याची आडत असलेल्या एका घरातील नातू लहान गटात आहे. त्याचे आजोबा दुकानाचा कारभार मुलाकडे सोपवून आता नातवाकडे लक्ष देतात. ते एके दिवशी साडेअकराला दारात उभे राहिले.

"बाई, पोराच्या वहीत काही दिसत नाही. शेजारचा त्याच्याच वयाचा मुलगा दुसऱ्या शाळेत शंभरपर्यंत लिहितो. आमचा हा मण्यांची माळ घेऊन घरी येतो. माळा ओवायला आम्ही फी भरत नाही."

दोन दिवसांनी संस्थेच्या कार्यालयातूनही निरोप आला. दोन घरांनी दिवाळीनंतर मुले काढून घेण्याची भाषा केली आहे. वह्या सुरू कराव्यात. बाईंनी निरोप वाचला, घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि दुसऱ्या दिवशी आजोबांना निरोप पाठवला: "शेठजी, एक सकाळ वर्गात येऊन बसाल का? तासभर. नंतर तुम्ही सांगाल ते ऐकून घेईन."

शेठजी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आले. भिंतीशी मोठी खुर्ची ठेवली होती, तीत काठी टेकून बसले. नातू आनंदला. घरी शिकवणीच्या बाई येत होत्या. त्याने उभे राहून एक ते शंभर एका दमात म्हणून दाखवले. शेठजींची नजर अभिमानाने बाईंकडे वळली. बाई म्हणाल्या, "फार छान. आता आजोबांना सात चिंचोके आणून दे." मुलगा परातीकडे धावला, मूठ भरली आणि आजोबांच्या तळहातावर रिकामी केली. शेठजींनी मोजले. तेरा होते.

"सात म्हटलं होतं, बाळा."

"हे सातच आहेत," मुलगा ठामपणे म्हणाला.

शेजारी एक मुलगी बसली होती. ती शाळेत आल्यापासून एक शब्दही बोलली नव्हती. घरी गुजराती, मराठी तिच्या कानाला नवीन. बाईंनी तिलाही हाताची सात बोटे दाखवून खूण केली. ती उठली. एकेक चिंचोका आणून शेठजींच्या दुसऱ्या तळहातावर ठेवू लागली. चौथ्यानंतर थांबली, ठेवलेल्या चिंचोक्यांवर बोट फिरवले, मग पुढचे आणले. सातवा ठेवल्यावर परातीकडे गेली नाही. आपल्या जागी जाऊन बसली.

अंक म्हणता येणे आणि मोजता येणे यांत किती अंतर आहे, ते शेठजींच्या दोन तळहातांवर मांडले गेले होते. शंभरपर्यंतचे आकडे हे नातवासाठी एक लांब गाणे होते. प्रत्येक वस्तूला एकच आकडा द्यायचा आणि शेवटचा आकडा म्हणजे सगळ्यांची बेरीज, ही गोष्ट त्याच्या हाताला अजून ठाऊक नव्हती. ती म्हणून येत नाही. वस्तू उचलून ठेवूनच येते.

शेठजी तासभर बसले. निघताना चपला घालता घालता त्यांना आपले बालपण आठवले असावे. वडिलांनी पेढीवर नेले, तेव्हा कितीतरी दिवस वहीला हात लावू दिला नव्हता, असे ते म्हणाले. वजने लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने लावायची, गहू तळहातावर घेऊन ओला की कोरडा ते सांगायचे, पोत्यावर थाप मारून आत काय ते ओळखायचे. वही नंतर आली. "पण वहीचं काय ते सांगा," असेही त्यांनी लगेच विचारले, कारण ते व्यापारी होते.

"दिवाळीनंतर वाळूत बोटाने. फेब्रुवारीत पाटीवर, जाड खडूने. वही पुढच्या वर्षी, मोठ्या गटात."

"लिहून द्याल?"

बाईंनी हजेरीच्या वहीतून एक कोरा कागद घेतला आणि तीन ओळींत ते लिहून दिले, खाली सही केली. शेठजींनी कागद दोनदा वाचून सदऱ्याच्या खिशात ठेवला. कार्यालयालाही तोच कागद दाखवला गेला आणि वह्यांचा प्रश्न तूर्त बाजूला पडला. पुढच्या आठवड्यात आडतीवरून एक पितळी तराजू आणि वजनांची पेटी शाळेत आली. अर्ध्या किलोच्या वरची वजने बाईंनी कपाटात कुलूपबंद ठेवली, कारण ती पायावर पडली तर शेठजीही शाळेच्या बाजूने उभे राहिले नसते. बाकीची वजने घेऊन मुले कडधान्ये तोलू लागली. मूठभर मूग आणि मूठभर चुरमुरे यांत जड काय, यावर जो वाद झाला तो आठवडाभर चालला.

सगळे मात्र असे सुरळीत झाले नाही. दुसऱ्या घराने आपले मूल दिवाळीच्या सुट्टीनंतर पाठवले नाही. त्यांनाही एक सकाळ येऊन बसण्याची विनंती केली होती. दुकानाच्या हंगामात त्यांना सवड मिळाली नाही. मुलगा गावातील दुसऱ्या शाळेत गेला. त्या पालकांचा हेतू वाईट नव्हता. मूल मागे पडेल ही भीती खरी असते, आणि भरलेली वही ही डोळ्यांना दिसणारी पावती असते. न दिसणाऱ्या जमेवर भरवसा ठेवणे कोणालाही जड जाते.

त्या गुजराती मुलीचे मौन बाईंनी ओढून तोडले नाही. तिच्या आईकडून त्यांनी काही वाक्ये कागदावर लिहून घेतली: 'भूख लागी छे', 'दुखे छे', 'घेर जवुं छे'. ज्या मुलाला पोटात दुखते आहे, त्याला ते कोणत्या भाषेत सांगावे याची चिंता नसावी, इतकाच त्यामागे विचार होता. घरची भाषा ही मुलाबरोबर शाळेत आलेली ठेव आहे; ती दाराबाहेर ठेवायला सांगितली, तर मूलही अर्धे बाहेरच राहते. डिसेंबरमधील एका दुपारी घरी जाण्याची वेळ झाली, तेव्हा बाईंनी तिला घाईत विचारले, "घेर जायचं छे?" मुलगी क्षणभर त्यांच्याकडे पाहत राहिली आणि खुदकन हसली. "जवुं छे," ती म्हणाली. सहा महिन्यांतील तिचा पहिला शब्द बाईंची चूक दुरुस्त करण्यासाठी होता. बाईंनी तो तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतला, आणि स्वतः चौथ्यांदा बरोबर म्हटला.

शाळेचे वर्ष असेच पुढे सरकते. जुलैत ओले रेनकोट आणि खोकला. श्रावणात सण, राख्या, मातीचे बैल. दिवाळीनंतर पुन्हा दोन दिवस रडे, कारण तीन आठवड्यांत खोली परकी झालेली असते. डिसेंबरात स्नेहसंमेलन, त्यासाठी फुलपाखराचे पंख बाईंच्या स्वयंपाकघरात रात्री बाराला चिकटवले जातात, आणि मंचावर गेल्यावर तीन फुलपाखरे आईला पाहून रडत खाली उतरतात. जानेवारीत तिळगूळ. फेब्रुवारीत वाळूवरून पाटीवर. थंडी सरता सरता बाईंचा घसा बसतो. गरम पाण्याच्या गुळण्या करून त्या पुन्हा गोष्ट सांगायला उभ्या राहतात.

मार्चच्या पालकसभेत कोणीतरी वह्यांचा विषय पुन्हा काढला. तोवर आडतीवरच्या नातवाला बारापर्यंत वस्तू मोजता येऊ लागल्या होत्या. शेठजी मागच्या रांगेत होते. ते बसल्या जागेवरून म्हणाले, "आमचा बारावर आला आहे. पण ते बारा पक्के आहेत." सभेत थोडे हसू उमटले. विषय तेवढ्यावर मिटला असे नव्हे. पुढच्या वर्षी तो नव्याने निघेलच. बाईंनाही ते ठाऊक आहे.

या बाईंच्या पाठीशी उभे राहण्यासाठी घरांना फार काही करावे लागत नाही. मुलाला वेळेवर सोडावे आणि सांगितलेल्या वेळी न्यायला जावे. वर्षातून एक सकाळ दुकानातून काढून वर्गात बसावे; खरेदीपूर्वी माल पाहणाऱ्या माणसांना हे अवघड नाही. जेथे मुले पाठवतो, तेथील बाईंना बारा महिन्यांचे वेतन मिळते का, हे पालकसभेत विचारावे. फीचा हिशेब मागणाऱ्यांनी हाही आकडा मागण्यास हरकत नाही. घरी पोळ्या लाटताना कणकेचा एक गोळा मुलाच्या हाती द्यावा, निवडायला डाळ द्यावी, ताटे मांडायला सांगावीत: जितकी माणसे तितकी ताटे, याहून चांगला अंकगणिताचा पाठ नाही. आणि संध्याकाळी दुकान बंद करून आल्यावर "आज काय लिहिलंस?" असे विचारण्याऐवजी "आज कोणाबरोबर खेळलास? काय मोजलंस?" असे विचारावे. चार वर्षांचे मूल या प्रश्नाचे उत्तर देऊ शकते, आणि दहा मिनिटे थांबत नाही.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात बाई प्रत्येक मुलाचे प्रगतिपत्रक लिहितात. त्यात गुण नसतात. 'स्वतःचा डबा उघडतो.' 'पडल्यावर दुसऱ्याला उठवतो.' 'सातपर्यंत वस्तू अचूक मोजते. गुजरातीत आणि आता मराठीतही बोलते.' अशा ओळी असतात. मग वर्गाची आवराआवर होते. सतरंज्या झटकून घड्या घातल्या जातात, तराजू पुसून पेटीत ठेवला जातो, आणि कपाटाच्या खालच्या कप्प्यातील रुमाल ज्याचे त्याला परत दिले जातात. पुढच्या जूनला नवे रुमाल येणार असतात.

यंदा एक रुमाल उरला. दिवाळीनंतर जो मुलगा आला नाही, त्याच्या आईचा. बँकेच्या पुस्तकात ज्या नोंदीचे खाते ठरत नाही, ती उचंत खात्यात ठेवतात, पुढेमागे जुळेल या भरवशावर. बाईंनी तो रुमाल धुऊन, इस्त्री करून पर्समध्ये ठेवला आहे. बाजारात तो मुलगा कधीतरी आईबरोबर दिसतो. एकदा त्याने लांबूनच हात हलवला होता.